केसरबाईची ओसरी

केसरबाई मेश्राम पोलीस ठाण्यात पाणी भरायची. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच चंद्रपुरातून वेगळा झाला होता आणि हे ठाणं त्यातल्या पार जंगलात होतं: चार खोल्या, मागे एक ओसरी, पलीकडे विहीर. नोकरांच्या यादीत बाईचं नाव नव्हतं. रांजण रिकामा दिसला की मात्र सगळ्यांना तिची आठवण व्हायची. लहानपण गोंडांच्या शेजारात मोहफुलं वेचण्यात गेलेलं, म्हणून गोंडी ती मराठीइतकीच सहज बोले. ठाण्यातल्या एकाही शिपायाला ती भाषा येत नव्हती आणि त्याची कोणाला लाजही वाटत नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात बुधरी आली. विधवा बाई, कपाळावर खोक पडलेली, दहा मैल पायी चालत आलेली. हवालदार देवाजी शेंडे माणूस भला, पण विचारायची तऱ्हा ठाण्याचीच. टेबलामागून त्याने तीनदा विचारलं, कोणं मारलं? शेवटी कंटाळून तो 'तक्रार द्यायची नाही' असं लिहायला लागला. दारात घागर घेऊन उभ्या असलेल्या केसरबाईने मात्र पाहिलं होतं, प्रत्येक प्रश्नाला बुधरी पदर पुढे ओढत होती.

"भाऊ, ती नाव नाई घेणार," केसरबाई म्हणाली. "जेठ असन. नवऱ्याच्या मोठ्या भावाचं नाव बाईनं तोंडातून काढाचं नसते."

"मंग तूच सांग, मी लिहितो."

"मी कुठी पाह्यलं? माह्यं सांगणं तिचं कसं होईन?"

ती बुधरीला मागच्या ओसरीवर घेऊन गेली. पाणी दिलं, जखम धुतली, आणि बराच वेळ माराबद्दल काहीच विचारलं नाही. मग मूठभर चिंचोके समोर ओतून गोंडीत म्हणाली, तुझं गाव मांड. बुधरीने विहीर मांडली, आपलं घर मांडलं, मागचं मोहाचं झाड, आजूबाजूची घरं. मारणारा कोणत्या घरातून आला, असं विचारल्यावर तिने शेजारच्या घराचा चिंचोका उचलला आणि आपल्या घराच्या दारात ठेवला. देवाजीने टोपी काढून, जमिनीवर बसून ते सगळं कागदावर उतरवलं. घर कोणाचं, ते गावच्या पोलीस पाटलाने सांगितलं. मोहाचं झाड आणि घर बळकावू पाहणारा जेठ पकडला गेला आणि बुधरी आपल्या घरात राहिली.

त्या दिवसापासून देवाजीने नियमच केला. बाई आली की टेबल नाही, टोपी नाही. आधी ओसरी, आधी केसरबाई. बाया येऊ लागल्या. कोणाला नवऱ्याचा मार, कोणावर जादूटोण्याचा आळ, कोणाला ठेकेदाराच्या माणसाचा त्रास. तीन वर्षांत तक्रारी इतक्या झाल्या की वरचे साहेब झापायलाच आले, तुमच्याकडेच गुन्हे का वाढले म्हणून.

"मार आधीबी इतकाच होता, साहेब," केसरबाईने त्यांना सांगितलं. "सांगायले आत्ता येऊन राह्यल्या."

साहेब अर्धा दिवस ओसरीवर बसले, आणि झापायचं विसरून त्यांनी ठाण्याचं नाव सत्कारासाठी पाठवलं. चंद्रपूरला दोन्ही जिल्ह्यांचा समारंभ, हवालदाराला प्रमाणपत्र, केसरबाईला शाल. पत्रात खाली एक ओळ होती: मदत मिळालेल्या एका महिलेस मंचावर आणावे.

देवाजी हरखून गेला. "बुधरीले सांग. तुहा शब्द ती मोडत नाई."

केसरबाई त्या दिवशी घागर उचलून विहिरीकडे निघून गेली. शाल तिलाही हवी होती. उभ्या जन्मात कोणी तिला खुर्चीवर बस म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घागरी भरून झाल्यावर ती म्हणाली, "भाऊ, मी म्हटलं तर ती येईन. म्हणूनच मी म्हणणार नाई."

"अवं, सत्कार आहे, सजा नाई."

"चारशे लोकांपुढं तिले विचारतीन, कोणं मारलं. फोटो गावात जाईन. मंग उद्या कोणती बाई या ओसरीवर चढन?"

देवाजी चिडला. वर्षभरात निवृत्त होणारा माणूस, बायकोला प्रमाणपत्राचं सांगूनही बसला होता. दोन दिवस तो प्यायचं पाणीही स्वतःच विहिरीवरून आणत होता.

तिसऱ्या दिवशी चंद्रपूरहून कारकून फॉर्म घेऊन आला. यादी पक्की करायची होती. बाई येत नसेल तर राहू द्या, तो म्हणाला, पण तिचं नाव-गाव द्या, पेपरात छापू. तेवढ्यावर सत्कार होऊन जाईल, नाहीतर दुसरं ठाणं घ्यावं लागेल. केसरबाई रांजणाशी उभी होती. मोह तिलाही झाला, खोटं कशाला बोला. ती देवाजीकडे पाहत राहिली.

देवाजीने फॉर्म हातात घेतला, वाचला आणि कोराच परत केला.

"दुसरं ठाणं घ्या," तो म्हणाला. "आमच्या इथी बाईचं नाव भेटत नाई."