आजींची जबानी

साहेबांच्या घरी ती कामाला लागली तेव्हा एकतीस वर्षांची होती, आणि कधीच मरून गेलेल्या कुणा बाईचं नाव लावत होती. शिकलेली नर्स होती, तेवढं मात्र खरं. निघताना, सीमेपलीकडे, आईला तिने सांगितलं होतं, "लांबच्या दवाखान्यात नोकरी लागलीय." आईने विचारलं होतं, "लांब म्हणजे किती गं?" त्याचं उत्तर द्यायला वरिष्ठांची मनाई होती.

साहेब शत्रूच्या सैन्यात रसदीचं खातं बघायचे. त्यांच्या आईला, म्हणजे आजींना, अर्धांगवायू झालेला. उजवं अंग लुळं आणि जीभ इतकी जड की बोलणं म्हणजे नुसती घरघर. पोटच्या पोरालाही त्यातलं अक्षर कळेना. नर्सला मात्र महिनाभरात सगळं उमजायला लागलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, गोळ्या कुटून चमच्याने भरवायच्या, आजी काय म्हणतायत ते घरात सांगायचं. आणि साहेबांच्या टेबलावरची धूळ पुसताना मालगाड्यांच्या वेळा पाठ करायच्या. औषधं आणायला गेलं की त्या हळूच औषधवाल्याच्या कानावर घालायच्या. तो तिच्याच बाजूचा. सात वर्षं हे बिनबोभाट चाललं.

एका दुपारी उशीचा अभ्रा बदलता बदलता खुर्चीतच तिचा डोळा लागला. जाग आली तर आजी टक लावून बघत होत्या.

"झोपेत आईला हाक मारलीस," आजी म्हणाल्या. "पण ती इथली हाक नव्हे गं."

उशी हातातच होती. अशा वेळी उशीचं काय करायचं, हे तिला शिकवलेलं होतं.

"बघत काय बसलीस? घाल ती मानेखाली. मान अवघडलीय माझी."

तिने उशी मानेखाली सारली. "कुणाला सांगणार, आजी?"

"सांगायलासुद्धा तूच लागतेस ना मला!" आजी तोंड वाकडं करून हसल्या. मग डोळे भरले. "एवढंच कर पोरी. माझ्या लेकराच्या जिवावर बेतू देऊ नकोस."

तिने मान डोलावली. वरिष्ठांना यातलं चकार शब्दाने कळवलं नाही. गाड्यांच्या वेळा मात्र कळवत राहिली.

दीड वर्षाने दारूगोळ्याची एक गाडी उडाली. साहेबांना फितुरीच्या संशयावरून कचेरीतूनच उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन अधिकारी आले आणि आजींच्या पलंगाशी खुर्च्या ओढून बसले.

"आजी, तुमच्या मुलाकडे कोण यायचं-जायचं?"

आजींनी होतं नव्हतं ते बळ जिभेत आणलं. खोलीभर घरघर झाली. "ही परक्या मुलखातली आहे. हिनेच केलंय. माझं लेकरू सोडा."

"काय म्हणतायत?" थोरल्या अधिकाऱ्याने नर्सला विचारलं.

"म्हणतायत, कुणीच येत नव्हतं. माझं लेकरू सोडा."

आजींनी डावा हात उचलून तिच्याकडे बोट केलं.

"आणि हे?"

"पाणी मागतायत."

तिने पेला ओठांना लावला. आजींनी दातखीळ बसल्यासारखे दात आवळले. पाणी हनुवटीवरून मानेत उतरलं. अधिकाऱ्याने दोन ओळी खरडल्या आणि म्हणाला, "काळजी घ्या हो त्यांची."

त्यानंतर आजींनी तिच्या हातचा घोटही घेतला नाही. पळावं तर संशय येणार. ती रोज चमचा भरायची आणि आजी भिंतीकडे तोंड फिरवायच्या. नवव्या दिवशी त्या गेल्या. साहेबांना गोळ्या घातल्याची बातमी त्यानंतर आली. शेवटची अंघोळ तिनेच घातली. साडेआठ वर्षं अंथरुणाला खिळलेली म्हातारी, पण पाठीवर एक जखम नव्हती.

वर्षाच्या आत तिला मायदेशी परत बोलावलं. आई होती अजून, पार वाकलेली.

"काम जमलं का गं?"

"जमलं."

सरकारने दवाखान्यात नोकरी दिली. तिने वॉर्ड नको म्हटलं, चादरी-अभ्र्यांची कोठी मागून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. एवढी शिकलेली नर्स पेशंटकडे का जात नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मला ऐकू कमी येतं." तिचे कान ठणठणीत होते.