तक्ता तोंडपाठ झाला तेव्हा

धर्माबादच्या आडतीवर दिवसभर मिरचीची पोती उचलूनही ज्याला शिंक येत नाही असा माणूस मी एकच पाहिला, आमचे दगडोबामामा. मामा चौथी नापास. त्यामुळं परीक्षा म्हटली की ती पास व्हायचीच, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं.

त्यांची गीतांजली सात वर्षांची. तिला वीतभर अंतरापलीकडचं सगळं धूसर, चष्म्यानंही फरक नाही. शिक्षण हक्काच्या राखीव जागांत, दिव्यांग म्हणून, एका खाजगी इंग्रजी शाळेच्या यादीत तिचं नाव लागलं. फी माफ, वर गीतांजलीसाठी मोठ्या अक्षरांची पुस्तकं. राहिलं होतं ते निदान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट. त्याची तपासणी नांदेडला, सोमवारी.

मामा रविवारीच तयारीला लागले. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा तक्ता असतो, त्याचा फोटो मला काढायला लावला आणि वरपासून खालपर्यंत पोरीकडून घोटून घेतला.

"मामा, कलेक्टर करून राहिलात का हिला?"

"गप रे. डॉक्टरफुडं पोरगी मुकी उभी राहिली तर माझी काय इज्जत राहील?"

मी हसलो. तिथं न दिसणंच दाखवायचं असतं, हे कॉलेजात जाणाऱ्या मला तरी कुठं सुचलं?

नांदेडच्या तपासणी शिबिरात ही गर्दी. भिंतीवर नेमका तोच तक्ता. गीतांजलीनं शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवला. मामांनी बाहेर येऊन अनोळखी लोकांना चहा पाजला. सर्टिफिकेट आलं शून्य टक्क्यांचं. शाळेनं कागद परत केला.

फेरतपासणीची तारीख महिन्यानंतरची मिळाली. तोवर मुदत संपून जागा यादीतल्या पुढच्या पोराला गेली. पुढच्या साली पहिलीसाठी तिचं वय बसणार नव्हतं. तरी मामा तिला फेरतपासणीला घेऊन गेले, सोबत मी. या खेपेला तक्ता दुसरा होता. पोरगी जुनीच अक्षरं म्हणत राहिली. डॉक्टरांनी तिला थांबवलं, मशीनवर नीट तपासलं. पंचाहत्तर टक्के.

परतताना एसटीत जागा एकच. गीतांजली माझ्या मांडीवर, मामा दांड्याला धरून उभे.

"अप्पा," ती म्हणाली, "मी आज नापास झाले म्हणून त्या शाळेत घेईनात का?"

मामांनी मान हलवली, नाही म्हणून. ती आपली त्यांच्या आवाजाची वाट बघत बसली.