लाभुबेनची मोहरीची उशी

भावनगरला वडवा भागात लाभुबेन डाभींचं शिवणाचं दुकान. त्यांनी बेतलेला ब्लाउज अंगावर असा चोख बसायचा की लग्नसराईत बायका दारात ठाण मांडून बसत. पन्नाशीत उजव्या छातीत गाठ निघाली आणि ती बाजू काढून टाकावी लागली. घरी आल्यावर स्वतःचेच ब्लाउज एका अंगाला लोंबायला लागले. लाभुबेन मशीनपाशी बसून पोटभर रडल्या, मग कात्री उचलली. मलमलची उशी शिवली, आत कापूस आणि वजनाला मोहरी भरली, ब्लाउजला आतून कप्पा करून बसवली. आरशात पाहून म्हणाल्या, "बराबर."

सून उर्वीनं त्याचा व्हिडिओ केला आणि लाभुबेनच्या नावानं चॅनेल काढून साइटवर टाकला. उशी शिवून पुतळ्यावर बसवून दाखवली, बस्स. महुव्याहून, पालिताण्याहून फोन येऊ लागले. बायका आधी इकडचं तिकडचं बोलत आणि मग हळूच विचारत, "बेन, डावीकडची पण अशीच शिवायची ना?"

एका सकाळी व्हिडिओ गायब. खाली एकच ओळ होती, नियमांचा भंग झाला आहे.

"कोणता नियम?" लाभुबेननी विचारलं.

"ते नाही लिहिलं, बा," उर्वी सासूला म्हणाली.

उर्वीनं फेरतपासणीचं बटण दाबलं आणि चहा टाकला. चहा गाळेपर्यंत उत्तर हजर. पुन्हा पाहिलं, निर्णय तोच.

"यांनी काय पाहिलं? दूध उतू जायलाही याहून जास्त वेळ लागतो!" लाभुबेन म्हणाल्या.

दुसऱ्या व्हिडिओत पुतळाही काढून टाकला, नुसतं कापड, सुई आणि मोहरी दाखवली. तोही उडाला. त्याच साइटवर ओल्या साडीत नाचणाऱ्या पोरी दिवसरात्र दिसत होत्या, त्यांना कुणी हात लावत नव्हतं.

उर्वी म्हणाली, "बा, लोक शब्द फिरवून बोलतात. आपण छाती म्हणायचंच नाही. पोटली म्हणू."

लाभुबेनची सुई थांबली. "गाठ हाताला लागली तेव्हा कितीतरी महिने मी गप्प बसले. का? हाच शब्द तोंडातून निघेना म्हणून. त्या लाजेपायी माझी छाती गेली. आता पुन्हा लाजू?"

तिसऱ्या व्हिडिओत त्यांनी तो शब्द मुद्दाम, ठणकावून, पुन्हा पुन्हा उच्चारला. संध्याकाळी अख्खं चॅनेलच बंद झालं.

"सोड आता," नवरा मनसुखभाई गाठिया खाता खाता म्हणाले. "मोठ्या लोकांशी कोण भांडणार?"

"मोठे असते तर समोर आले असते. नाव नाही, तोंड नाही, कारण सांगायची हिंमत नाही. हे कसले मोठे?"

मनसुखभाईंनी मिरची उचलली.

फोन करणाऱ्या सगळ्या जणींना लाभुबेननी रविवारी समाजाच्या वाडीत, लग्नकार्याच्या हॉलमध्ये, बोलावलं. बायका आल्या, पण पदर घट्ट ओढून एकमेकींची नजर चुकवत बसल्या. लाभुबेननी ब्लाउजातून स्वतःची उशी काढून सतरंजीवर ठेवली. "ही माझी. हातात घेऊन वजन बघा."

उशी हातोहात फिरली. महुव्याच्या जयाबेननी ती तळहातावर झेलली. "मोहरी तर आहेच, लाभुबेन, फोडणी पण घालू का?"

वाडी हसून दणाणली. पदर सैल झाले, सुया चालू लागल्या.

मग लाभुबेन म्हणाल्या, "फोन काढा सगळ्यांनी. मी शिकवते, तुम्ही शूटिंग करा आणि आपापल्या नावानं टाका."

"बा, त्यांचीही चॅनेलं बंद करतील," उर्वी कुजबुजली.

लाभुबेन मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "ऐकलंत? बंद होऊ शकतं. भीती वाटत असेल तिनं टाकू नये, मी रागावणार नाही."

जयाबेननी सगळ्यांत आधी फोन वर धरला. मग बाकीच्यांनी.

त्यातले काही व्हिडिओ दुसऱ्या दिवशीच उडाले, काही आजही आहेत. कापड तेच, बोलणं तेच. मग हे का गेले आणि ते का राहिले, कुणालाच सांगता येत नाही. लाभुबेनचं चॅनेल काही परत आलं नाही. त्या अजूनही उर्वीला अधूनमधून साइटवाल्यांना लिहायला लावतात, कोणता नियम? उत्तरात तीच ओळ येते. "लिही पुन्हा," त्या म्हणतात.

परवा तळाज्याहून एक म्हातारी दुकानात आली. उर्वीनं विचारलं, "व्हिडिओ बघून आलात, मासी?"

"मला कुठला फोन! नणंदेनं सांगितलं." म्हातारीनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "ते... इथलं..."

"छातीचं," लाभुबेन मोठ्यानं म्हणाल्या आणि गळ्यातली टेप काढली. "या, आत बसा. कुठली बाजू?"