वारजेच्या बसचा ड्रायव्हर

वारजेहून फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात चहाचा कप नुकताच हातात घेतला होता. आमच्या कंपनीची बस स्टॉपवर उभी होती, इंजिन बंद होतं आणि ड्रायव्हर किल्ली पुढच्या सीटवरच्या एका मुलीच्या हातात देऊन खाली फुटपाथवर बसला होता. फोन करणारा इंजिनियर म्हणाला, "ॲक्सिडेंट नाही, ब्रेकडाउन नाही. डॅनियलभाऊ फक्त म्हणाले की आज मी गाडी चालवू शकत नाही, साहेबांना कळवा."

मी आधी स्टँडबाय पाठवली. स्टँडबाय म्हणजे अडीअडचणीला लागते म्हणून राखून ठेवलेली जादा बस. ट्रान्सपोर्टच्या कामात प्रश्न नंतर विचारायचे, आधी माणसं पोहोचवायची. मग मी जीप काढून वारजेला गेलो.

डॅनियल साळवे खडकीचा. बस कॉन्ट्रॅक्टरच्या असल्या तरी कुठला ड्रायव्हर घ्यायचा, कुठला नाही, हे मी ठरवत असे. त्याला मीच घेतलं होतं. मुलाखतीत लायसन्स, बॅज, आधीची ट्रकवरची नोकरी असं सगळं विचारून झालं आणि मी ठीक आहे म्हणालो. तो उठला नाही. म्हणाला, अजून एक गोष्ट आहे, ती तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. तरुणपणी तो एका दारूच्या गुत्त्यावर राखणीला होता. वस्तीतल्या लोकांनी गुत्त्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. त्यांच्या पुढाऱ्याला घाबरवायला मालकानं ह्याला पाठवलं. त्यानं त्या माणसाच्या उजव्या हातावर कोयता घातला. दोन बोटं गेली. तो माणूस कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, टर्नर होता.

"नाव डॅनियल आणि धंदे सैतानाचे," तो स्वतःच म्हणाला. आई दर रविवारी चर्चमध्ये गाणी म्हणायची आणि हा गुत्त्यावर असायचा. पुढे जेलमध्ये एक पाळक भेटायला येऊ लागले. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळींचे धर्मगुरू. पहिली दोन वर्षं ह्यानं त्यांच्याकडे पाठ करून बसायचं ठरवलं होतं. ते तरीही यायचे.

मी विचारलं होतं, शिक्षा भोगलीस, आता मोकळा झालास ना? त्यावर तो जे बोलला ते माझ्या लक्षात राहिलं. "शिक्षेनं मोकळं वाटलं नाही, साहेब. मोकळं येशूनं केलं, आणि तेही फुकट. कमावलेलं असतं तर उधळलं असतं. फुकट मिळालंय म्हणून जपावं लागतं."

मी देवाधर्मातला माणूस नाही. पण इतकं स्वच्छ बोलणारा ड्रायव्हर मला त्याआधी भेटला नव्हता. एच.आर.च्या कुलकर्णी मॅडमना सगळं सांगितलं. कंपनी नवी होती आणि आयटीवाल्यांना ड्रायव्हर मिळत नव्हते, त्यांनी मान डोलावली. तीन वर्षांत त्याच्याविरुद्ध एक तक्रार नव्हती. उलट एखादी मुलगी स्टॉपवर दिसली नाही तर हा मिनिटभर थांबायचा, म्हणून पुढच्या स्टॉपवरचे लोक कुरकुरायचे, तेवढंच.

तर वारजेला मी पोहोचलो तेव्हा तो फुटपाथवर तसाच बसला होता.  काय झालं ते त्यानं थोडक्यात सांगितलं. प्रज्ञा नावाची एक नवीन सॉफ्टवेअर टेस्टर त्या सोमवारपासून बसमध्ये येऊ लागली होती. आज तिचे वडील तिला सोडायला आले. त्यांनी ड्रायव्हरच्या खिडकीकडे पाहिलं आणि "दान्या" म्हणाले. बास. गुत्ता सुटल्यापासून त्याला त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. मग त्याची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली; दोन बोटं नव्हती.

"गिअर कुठला टाकायचा तेच सुचेना, साहेब. गाडीत तीस पोरं. मग उतरलो."

दुपारी कुलकर्णी मॅडमनी बोलावलं. प्रज्ञा त्यांच्याकडे येऊन गेली होती. तिनं आरडाओरडा केला नव्हता, फक्त सांगितलं होतं की ती त्या बसमध्ये बसणार नाही.

"हे तुम्हाला माहीत होतं?" मॅडम म्हणाल्या.

"तुम्हालाही होतं. मी सांगितलं होतं."

"तेव्हा ती नुसती गोष्ट होती, शिंदे. आता त्या माणसाची मुलगी आपली एम्प्लॉयी आहे."

हे बरोबर होतं. वडिलांची बोटं तोडणाऱ्याच्या मागे बसून तिनं रोज कामाला यावं, असं कुठल्या तोंडानं सांगणार? मी डॅनियलला ड्यूटीवरून उतरवलं आणि आठवडाभराची मुदत मागितली. मॅडम म्हणाल्या, आठवड्यात काय, तुमचा येशू खाली येणार आहे का? मी म्हटलं, माझा नाही, त्याचा.

डॅनियलला त्या माणसाच्या घरी जाऊन पाय धरायचे होते. मी नको म्हणालो. त्याच्या पाळकांनीही नकोच सांगितलं. ते आता बरेच म्हातारे झाले होते, मी खडकीला जाऊन त्यांना भेटलो. ते म्हणाले, ज्याचं आपण आधीच घेतलंय, त्याच्या दारात जाऊन माफी मागणं हेसुद्धा पुन्हा काहीतरी मागणंच झालं. त्या माणसाला माफी द्यायची असेल तर तो देईल. नाही दिली तरी डॅनियलनं नीटच राहायचं, कारण देवानं त्याला ती आधीच दिलेली आहे.

आठवडा संपत आला आणि भालेराव स्वतःच ऑफिसात आले. प्रज्ञाचे वडील, यशवंत भालेराव. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची पॅन्ट, बरोबर प्रज्ञा. म्हणाले, त्याला बोलवा, दोन शब्द बोलायचे आहेत. डॅनियल शेडमध्ये गाड्या धुवायला मदत करत होता. ओल्या बाह्या खाली ओढत तो माझ्या केबिनमध्ये आला आणि दाराशीच उभा राहिला.

भालेरावांनी उजवा हात टेबलावर ठेवला. मुद्दाम नव्हे, त्यांची तशी बसण्याची सवय होती. लेथ सुटल्यावर कारखान्यानं त्यांना स्टोअरमध्ये टाकलं आणि तिथूनच त्यांनी मुलीला इंजिनियर केलं, हे मला प्रज्ञानं नंतर सांगितलं.

"माझं नाव ठाऊक आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"यशवंत सखाराम भालेराव," डॅनियल म्हणाला. "रोज घेतो."

"रोज? कशाला?"

"प्रार्थनेत. कोर्टात पुकारलं होतं, तेव्हापासून लक्षात आहे. आधी वाटायचं देवानं तुमची बोटं परत द्यावीत. खुळ्यासारखं मागायचो. मग ते सोडलं. कोर्टात तुमच्या मिसेसच्या कडेवर लहान मूल होतं. त्याचं भलं होऊ दे म्हणायला लागलो. मुलगी आहे हेही माहीत नव्हतं."

प्रज्ञा खिडकीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही.

भालेरावांनी खुर्ची डॅनियलकडे वळवली. मग म्हणाले, "मला कायम वाटायचं, ज्यानं माझी बोटं तोडली त्याला माझं नावसुद्धा ठाऊक नसेल. ह्याचाच राग जास्त होता." ते पुढे म्हणाले, "हे बघ, आम्ही बौद्ध. आमच्यात कोणी वरून माफ करत नाही, ज्याचं त्यानं बदलायचं असतं. तुझ्या देवानं तुला माफ केलं असेल, ते तुझं तू बघ. मी केलं असं आज म्हणणार नाही. खोटं होईल."

"देवानं केलं म्हणून तुम्ही करावं असं काही नाही, दादा," डॅनियल म्हणाला. 

भालेराव माझ्याकडे वळले. "ह्याला काढू नका. काढलंत तर जाईल कुठं? ज्या गुत्त्यासाठी माझी बोटं गेली, तिथंच परत गेला तर माझी बोटं फुकट गेली."

कुलकर्णी मॅडमना मी हे शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "रूट बदला. बाकी मला काही सांगू नका." डॅनियल खडकीच्या बसवर गेला, वारजेला दुसरा ड्रायव्हर आला.

पुढच्या वर्षी गौरी-गणपतीत वारजेचा ड्रायव्हर गावी गेला आणि बदलीचाही आजारी पडला. हाताशी एकटा डॅनियल होता. मी प्रज्ञाला फोन करून म्हटलं, उद्या हवं तर तुमच्यासाठी वेगळी कॅब पाठवतो. ती म्हणाली, थांबा, पप्पांना विचारते. फोन भालेरावांनीच घेतला.

"त्यालाच पाठवा," ते म्हणाले. "कॅबचा खर्च कशाला? पण त्याला म्हणावं, स्टॉपवर हॉर्न मारू नकोस. बिल्डिंगमध्ये म्हातारी माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या बसनं गेलो. भालेराव स्टॉपवर होते. डॅनियलनं खिडकीतून "सलाम, दादा" म्हटलं. ख्रिस्ती मंडळींत तसंच म्हणतात. भालेरावांनी "जयभीम" म्हटलं आणि त्याच उजव्या हातानं, गाडी पुढे घे, अशी खूण केली. प्रज्ञा चढली, पुढच्याच सीटवर बसली आणि म्हणाली, "डॅनियलभाऊ, बावधनला ट्रॅफिक आहे, आतून घ्या."

त्यांनी त्याला कधी माफ केलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. वारजेची बस मात्र त्या महिन्यानंतर पुन्हा डॅनियलकडेच राहिली, आणि ती मागणी प्रज्ञाची होती.

सुधारायला माणसाला देव लागतो की नाही, ह्यावर मी मत देत नाही. सुधारलेल्या माणसाला नोकरी लागते, एवढं माझ्या खात्यातलं मला समजतं.