डावखुरी वीण

आमच्या मराठी मंडळाच्या कपाटात छिंदाच्या पानांची एक टोपली आहे. तिच्याखालच्या चिठ्ठीवर बारा वर्षं माझं नाव होतं. ती टोपली माझ्या बायकोने विणली होती.

फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर मी बरगी गावाकडच्या रानातून छिंदाची, म्हणजे रानखजुरीची, पानं तोडून आणायचो, काटे काढायचो, सावलीत वाळवायचो. विणायची ती. मंडळाच्या गणपतीत प्रदर्शन होतं. तिथे एका पाहुण्याने विचारलं, "किसने बनाई?" मी म्हणालो, "मैंने." ती शेजारीच उभी होती. मला शाल मिळाली. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "अच्छा. मग आता पुढची पण तुम्हीच विणा." त्यानंतर तिने पानांना हात लावला नाही. मी आणलेली पानं गच्चीवर कडक होऊन मोडली.

गेल्या वर्षी ती गेली. परवा मी मंडळात जाऊन चिठ्ठी बदलायला सांगितलं. सेक्रेटरी हसला. "काहून काका? इतक्या वर्षांनी कोण विचारून राहिलं?"

मी टोपली त्याच्यासमोर ठेवली आणि वीण दाखवली. ती उलटी फिरते, कारण बायको डावखुरी होती. माझ्या उजव्या हाताला तशी वीण जमलीच नसती. विणकाम जाणणाऱ्या कुणालाही हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

"मग दोघांची नावं लिहू ना," तो म्हणाला. "पानं तर तुम्हीच आणली."

"पानं कुणीही आणतं," मी म्हणालो आणि तिचं एकटीचं नाव लिहून दिलं.