भज्यांखालचा राजा

सोमवार आला की ती पिवळी होऊन यायची. हॉस्पिटलचा निळा टॅबार्ड, म्हणजे बिनबाह्यांचा झगा, वरून असायचाच, पण कॉलर पिवळी, बाह्या पिवळ्या. चार सोमवार मी काही विचारलं नाही. हे वाचून माझी नातवंडं म्हणतील, आजी आणि चार सोमवार गप्प? बरं, दोन.

साल दोन हजार सहा. लेस्टरमधल्या एका हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालायचो. मी बावन्न वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. आता सत्तरी ओलांडली, एकेक गोष्ट कळेनाशी व्हायला लागली आहे आणि खरं सांगते, जरा हलकं वाटतंय. ती थायलंडची, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. मला 'पी' म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या भावंडाला पी म्हणतात. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, तिचं तिच्या चालीवर आणि माझं पुण्याच्या. इथे मराठीत लिहिते, म्हणजे दोघींचं व्याकरण एकदम सुधारेल.

"तुझा वार चुकलाय," मी तिला तिसऱ्या सोमवारी सांगून टाकलं. "पिवळा गुरुवारचा. दत्ताचा. सोमवारी पांढरं घालतात."

बाई गं, मी एका थाई बाईला वार शिकवत होते.

ती हसली. म्हणाली, "आमच्याकडे प्रत्येक वाराला रंग असतो. सोमवारचा पिवळा. आमचे राजे सोमवारी जन्मले. यंदा त्यांना गादीवर बसून साठ वर्षं झाली, म्हणून तिकडे सगळे सोमवारी पिवळं घालतात."

"पण इथे लेस्टरमध्ये कोण बघतंय?"

"सोमवार इथेही येतो ना, पी," ती म्हणाली आणि चादरीचं टोक माझ्या हातात दिलं.

तिथून मला जे वेड लागलं ते लागलंच. राजा म्हणजे मला एक तर इतिहासाच्या पुस्तकातला ठाऊक, नाही तर इथल्या राणीसारखा, स्टँपवरचा. जिवंत राजासाठी कोणी कपाटातून शर्ट निवडून काढतं हे मी पहिल्यांदा पाहत होते. दुपारच्या अर्ध्या तासाच्या ब्रेकमध्ये मी डबा उघडायचे आणि म्हणायचे, "हं, कुठे होतो आपण?"

ती सांगायचीही छान. घाई नाही, हातवारे नाहीत. सुखोथाई म्हणून पहिलं मोठं राज्य, सातशे वर्षांपूर्वीचं. तिथल्या एका राजाने वेशीला घंटा टांगली होती. कोणाचीही काही तक्रार असेल त्याने येऊन वाजवायची, राजा स्वतः बाहेर येऊन ऐकणार. तसं शिलालेखात कोरलेलंच आहे म्हणे. मग नद्यांच्या वेढ्यातलं आयुत्थया, चारशे वर्षांची राजधानी. तिथली एक राणी पुरुषाचा वेश करून हत्तीवर बसली आणि नवऱ्यावर येणारा वार स्वतःवर घेऊन मेली. हे ऐकताना माझी पोळी हातातच राहिली होती.

पण गप्प ऐकेन तर ती मी कसली! दर दोन वाक्यांना माझं एक ठरलेलं होतं, "आमच्याकडेसुद्धा." घंटा? आमच्याकडेसुद्धा. हत्ती? आमच्याकडेसुद्धा. राजाच्या जेवण्याझोपण्याला, चालण्याबोलण्याला त्यांच्या भाषेत निराळे शब्द आहेत असं तिने सांगितलं, तेव्हा मी "आमच्याकडेसुद्धा महाराज जेवत नाहीत, भोजन करतात," असं ठोकून दिलं. आणि आयुत्थया हे नाव ऐकलं त्या दिवशी तर मी टेबलावर हातच मारला.

"अगं, ही आमची अयोध्या! आणि तुमच्या राजांना राम म्हणतात ना, राम पहिला, राम दुसरा? म्हणजे सगळं आमचंच की!"

तिने डब्यातला भात संपवला. झाकण लावलं. मग म्हणाली, "नाव तुमच्याकडून आलं, पी. नंतर चारशे वर्षं तिथे आम्ही राहिलो."

मला वाटलं, बिचारीला मुद्दा कळला नाही.

असं करत करत एका शुक्रवारी आम्ही आयुत्थयाच्या शेवटापर्यंत आलो. ब्रह्मदेशाच्या सैन्याचा वेढा पडलेला. शहरातल्या लोकांना धीर एकाच गोष्टीचा होता, ती म्हणजे पावसाळा. दरवर्षी पूर यायचा, शहराभोवती समुद्र व्हायचा आणि शत्रू निघून जायचा. "त्या वर्षीही पाणी चढलं," ती म्हणाली. "सगळे तटावरून बघत होते, आता जातील, आता जातील."

"मग?"

"गेले नाहीत."

आणि ब्रेक संपला. सुपरवायझर दारात येऊन उभी. मी म्हटलं, हे बघ, मी सोमवारपर्यंत थांबणार नाही, तू रविवारी माझ्याकडे चहाला ये. आमच्या इतक्या महिन्यांच्या ओळखीत मी तिला घरी बोलावण्याची ती पहिलीच वेळ. ती एकदम खूश झाली आणि पिशवीतून एक वर्तमानपत्र काढून माझ्या हातात ठेवलं. तिच्या बहिणीने तिकडून पोस्टाने पाठवलेला, साठ वर्षांनिमित्तचा खास अंक. त्यात सगळी राज्यं, नकाशे, चित्रं. "वाचता नाही येणार, पण बघा," ती म्हणाली. "रविवारी चित्रांवरून सांगते."

मी तो घरी आणला. शुक्रवारी रात्री आमच्या ह्यांना दाखवला, हत्तीवरच्या राणीची गोष्ट सांगितली आणि अंक ठेवला. कुठे ठेवला? बाकीचे पेपर ठेवते तिथे. वर्तमानपत्र ते वर्तमानपत्र.

रविवारी ती आली. अर्थात पिवळ्यात नाही, छान गुलाबी ब्लाउज घालून. मी कांद्याची भजी तळत होते. बेलग्रेव्ह रोडवरून खास ताजं बेसन आणलं होतं. आता भजी काढायची कशावर? इथे लोक किचन रोल वापरतात, पण आम्ही पुण्यात वर्तमानपत्रावर वाढलेली माणसं, रोल म्हणजे आम्हाला उधळपट्टी वाटते. ती बाहेर बसलेली, ह्यांचं "यू लाइक लेस्टर वेदर?" सुरू झालेलं, घाण्यातली भजी लाल व्हायला आलेली. मी हात लांब करून वरचा पेपर ओढला, ताटात पसरला, भजी उपसली आणि ते ताट तसंच बाहेर नेऊन तिच्यापुढे ठेवलं. घरच्यासारखं.

तिने एक भजं उचललं. त्याच्याखाली चष्मा होता.

दुसरं भजं तिने उचललं ते खाण्यासाठी नव्हे. तिसरं, चौथं. एकेक करून तिने सगळी भजी बशीत काढून ठेवली. पिवळ्या पोशाखातले राजे हळूहळू तेलातून वर आले. मी बोलले. बोलायला नको होतं तेव्हा मी नेहमी बोललेली आहे.

"अगं, काही नाही, पेपरच तर आहे!"

तिने पर्समधून रुमाल काढला, कागद टिपला, चेहरा आत येईल अशी घडी घातली आणि उठली. "थँक यू फॉर द टी, मॅडम," म्हणाली. चहा अजून व्हायचा होता.

दार लागल्यावर हे म्हणाले, "काय केलंस?"

"काही नाही हो, तिचे राजे जरा तेलकट झाले."

"तुझा पाय पुस्तकाला लागला तर तू काय करतेस?"

"नमस्कार करते."

"आपल्या महाराजांच्या फोटोवर भजी काढशील?"

मी ताट उचलून आत गेले. उरलेली भजी मीच खाल्ली, तीन दिवस. फेकवत नव्हती.

सोमवारी ती पिवळ्यात आली आणि घड्यांसाठी दुसरीसमोर जाऊन उभी राहिली. ब्रेकही बदलून घेतला होता. मी सॉरीचं कार्ड आणलं, तिच्या लॉकरच्या फटीतून सरकवलं. तिने आभार मानले. चॉकलेटचा डबा दिला, तिने तो सगळ्यांत वाटला, मलाही एक दिलं. "हॅव वन, मॅडम." 'पी' गेलं ते गेलंच. एखादीने भांडण करावं ना! मी पुणेरी भांडण जाणते, त्याला सुरुवात असते, शेवट असतो. ह्या सभ्यपणाला कुठे धरावं ते कळेना. एका संध्याकाळी तिच्या घरापर्यंत गेले, बेल वाजवली. पडदा हलला. सुखोथाईचा राजा काही बाहेर आला नाही.

आणि लाज वाटते सांगायला, पण मला आतून दोन गोष्टी कुरतडत होत्या आणि त्यातली पहिली कुठली हे मी देवापुढेही सांगणार नाही. एक म्हणजे मी तिला दुखावलं. दुसरी म्हणजे ते ब्रह्मी सैन्य अजून पाण्यातच उभं होतं.

"लायब्ररीत जा, पुस्तक आण," हे म्हणाले.

आणलं. आयुत्थया त्यात अर्ध्या पानात जळालं. तिने त्याला आठवडा घेतला असता. कोण तटावर होतं, कोण होडीत बसून निसटलं, पाणी ओसरायला लागल्यावर लोकांच्या तोंडाला कशी कोरड पडली असेल, काही नाही. आणि पुस्तकाला "मग?" विचारलं तर ते पुढचं पान दाखवतं, तिथे दुसराच विषय. त्या पानावर डोळे लावून बसले असताना माझ्या टाळक्यात पहिल्यांदा आलं, की इतके दिवस ती मला माहिती देत नव्हती. तिच्या घरातलं काहीतरी उघडून दाखवत होती. आणि मी प्रत्येक वस्तू उचलून म्हणत होते, ही तर आमच्याकडची.

पुढच्या शनिवारी मी परत गेले. पिशवीत कोरडं बेसन, टाल्कम पावडरचा डबा आणि पांढऱ्या टीपकागदांचा गठ्ठा. बेल वाजवली आणि दारातूनच ओरडले, "सॉरी म्हणायला नाही आले! डाग काढायला आले!"

दार उघडलं. इंग्रज शेजारी बघत होते म्हणून असेल.

"तो अंक कुठे आहे?" मी विचारलं.

तिने वर बोट केलं. कपाटावर, सगळ्यात उंच, स्वच्छ पिशवीत गुंडाळलेला. "टाकता येत नाही," ती म्हणाली. "त्यांचा चेहरा आहे, कचऱ्यात कसा टाकू? आणि असा भिंतीला लावताही येत नाही. बहीण फोनवर विचारते, लावलास का. मी सांगते, हो." मग जरा थांबून म्हणाली, "मी बहिणीशी कधी खोटं बोलले नव्हते, मॅडम."

मी पिशवी उघडून टीपकागद बाहेर काढले.

आम्ही दोघींनी तो कागद टेबलावर पसरला. आधी तिने हात जोडले, मग मीही जोडले. लिनन रूममध्ये आम्ही काय काय डाग काढलेत, तेल म्हणजे काहीच नाही, पण वर्तमानपत्राचा कागद म्हणजे जीव केवढासा. बेसन की टाल्कम, ह्यावर मतभेद झाला. मी बेसनाच्या बाजूची. ती म्हणाली, "बेसनाने केलं तेवढं पुरे." पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग टाल्कम. भुरभुरवून तासभर ठेवलं, अलगद झाडलं, खालीवर टीपकागद घातले आणि मंद इस्त्री. टीपकागदावर तेल उतरायला लागलं. दर मिनिटाला ती नवा कागद द्यायची, मी इस्त्री टेकवायचे. चेहरा निघाला, चष्मा निघाला. खांद्याजवळचा एक डाग मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

"हा राहणार," मी म्हटलं.

"राहू दे. फ्रेम तिथपर्यंत येईल," ती म्हणाली.

आयुत्थयाचं पुढे काय झालं ते मी विचारणार नव्हते, शपथ घेऊन गेले होते. तीच म्हणाली, कागदाकडे बघत, "त्या वर्षी त्यांनी उंचवट्यांवर तळ ठोकला. होड्या जमवल्या. पाणी उतरेपर्यंत बसून राहिले."

मी इस्त्री सरकवत राहिले.

मग तिने सांगितलं. चैत्रात शहर पडलं तेव्हा आगी कशा लागल्या, बुद्धाच्या मूर्तींवरचं सोनं कसं वितळवून नेलं. थोड्या माणसांना घेऊन आधीच वेढा फोडून निघालेला एक सरदार, बाप चिनी, त्याने काही महिन्यांत मुलूख परत कसा मिळवला आणि नदीच्या खालच्या अंगाला थोनबुरीला नवी गादी कशी मांडली. पंधरा वर्षांनी त्याचाही शेवट झाला, दुसऱ्या सेनापतीचं घराणं आलं, पैलतीरावर बँकॉक उभं राहिलं, आणि आजचे राजे त्याच घराण्यातले. पुस्तकात हे सगळं होतं, मी वाचलेलं होतं, तरी मला काहीच माहीत नसल्यासारखं वाटत होतं.

"नव्या शहराच्या तटाला विटा हव्या होत्या," ती म्हणाली. "इतक्या विटा भाजायच्या कधी? म्हणून जळक्या आयुत्थयाच्या भिंती उतरवल्या. विटा होड्यांत भरल्या आणि नदीतून खाली आणल्या. माझी आजी म्हणायची, काळ्या पडलेल्या विटासुद्धा आणल्या."

माझ्या डोळ्यांपुढे ती नदी आली. होड्यांच्या कडा पाण्याला टेकलेल्या, वर काजळी धरलेल्या विटांच्या राशी, वल्हवणारे कोणी ना कोणी त्याच शहरातून पळालेले. एखाद्याला स्वतःच्याच आळीची भिंत ओळखू आली असेल का?

"किती होड्या लागल्या असतील गं?" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

"ते मला नाही माहीत, मॅडम. इस्त्री उचला आधी. कागद जळेल."