त्याला त्याच्या मायच्या हवाली करताना

अकोल्यात परत येऊन बराच काळ झाला, तरी गल्लीतल्या बाया मला अजून विचारतात, "काहो मावशी, केनियात सिंह पाहिला काय?" नाही पाहिला. हत्तीसुद्धा नाही पाहिला. मुलगा आणि सून एका रविवारी गाडी करून न्यायला तयार होते, मीच म्हटलं, मला वेळ नाही. बायांना हे खोटं वाटतं. एवढी विमानात बसून गेलेली बाई, आणि सिंह न पाहता आली! आता त्यांना काय सांगू? मी तिथं एक पोट्टं पाहिलं, आणि मग दुसरं काही पाहायचं मला सुचलंच नाही.

मी जन्मभर नर्स. माहेर हिवरखेडचं, नोकरी सगळी अकोल्यात, धाकटी बहीण दिली अमरावतीला. रिटायर झाले तेव्हा मुलाच्या कंपनीनं त्याला दीडेक वर्षासाठी केनियात पाठवलं होतं. त्यानं बोलावलं, गेले. चार दिवस मजा वाटली. मग मुलगा-सून सकाळी कामावर गेले की घरात मी आणि भिंती. टीव्हीशी भांडायची वेळ आली होती. शेजारची बाई चर्चला जाणारी होती. तिनं सांगितलं की गावाबाहेर चर्चवाल्यांचं एक घर आहे, दूरदूरच्या खेड्यांतली आजारी लेकरं तिथं ठेवतात. ऑपरेशन होऊन अंगात जीव येईपर्यंत सांभाळायचं आणि मग ज्याचं लेकरू त्याला परत द्यायचं. तिथं काम करणारी माणसं हवी आहेत, पण पगार मिळणार नाही, असं तिनं दोनदा बजावलं. मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हटलं, बाई, पेन्शन आहे मला, तू फक्त दार दाखव.

ते घर चालवणाऱ्या बाई तिथल्याच होत्या, अंगानं भरलेल्या, हसल्या की खिडक्या वाजाव्यात अशा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, तुझा देव कोणता? आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. मी सांगितलं, आम्ही बुद्धाला मानतो आणि तो देव नाही. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "लेकराचं ढुंगण धुता येतं ना?" म्हटलं, हो, ते येतं. "मग ये," म्हणाल्या. रोज संध्याकाळी तिथं प्रार्थना व्हायची. सगळे डोळे मिटायचे, मी उघडे ठेवायची. एवढी पोरं खोलीत असताना कोणाचे तरी डोळे उघडे पाहिजेतच.

तो शेवटच्या पाळण्यात होता. काही महिन्यांचा असेल, पण दिसायचा दीड महिन्याचा. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, आणि तोंडाच्या आत टाळूही उघडी. अशा लेकराला दूध ओढताच येत नाही. बाटली तोंडात दिली की थोडं नाकातून बाहेर, थोडं छातीवर, आणि पोटात काहीच नाही. मांड्यांची कातडी लोंबत होती. ऑपरेशन करायचं तर वजन पाहिजे, आणि वजन वाढायला दूध पोटात जायला पाहिजे. त्याची आई त्याला टाकून गेली नव्हती, हे मला सगळ्यांनी पुन्हापुन्हा सांगितलं. तिचं गाव बसनं पुरा एक दिवस लांब, घरी आणखी दोन लेकरं, आणि हा तिच्या डोळ्यांदेखत वाळत चाललेला. इथं आणून ठेवला म्हणून तो जिवंत होता.

मी अमरावतीला बहिणीला फोन केला, मला एक बोंडलं पाठव. बोंडलं म्हणजे तान्ह्याला दूध पाजायची चोचीची वाटी, आपल्याकडं प्रत्येक घरात असायची. बहीण खो खो हसली. "या वयात कोणाले पाजून राहिली वं तू?" पण पाठवलं तिनं, मुलाच्या ऑफिसातल्या एकाच्या हाती. मग सुरू झालं आमचं. त्याला मांडीवर सरळ बसवायचं, मान हातात धरायची आणि चोचीनं एकेक घोट जिभेच्या मागं सोडायचा. घाई केली की ठसका. हात मुंग्या येऊन बधिर व्हायचा. आणि तोंड? तोंड माझं कधी बंद राहिलंय! "पी रे राजा. कावून थुकून राहिला? तुह्या बापानं गाय बांधून देली काय मले?" तो माझ्या तोंडाकडं टक लावून पाहायचा आणि गिळायचा.

तो भरला. गालांवर मांस आलं. ओठाचं ऑपरेशन झालं आणि टाके निघाले त्या दिवशी मी त्याला उजेडात धरून पाहिलं, काय देखणा निघाला होता लबाड! मला तो 'आनी' म्हणायला लागला. आजी म्हणायचं असायचं त्याला, पण टाळू अजून उघडी, हवा नाकातून निघून जायची, आणि 'ज' काही त्याला जमायचा नाही. मी सकाळी फाटकातून आत शिरले की खोलीतून आरोळी यायची. घरी मुलगा चिडवायचा, "आई, आमी बी तुहेच लेकरं हाओ बरं!" मी म्हणायची, तुम्हाला दात आले, तुमचं तुम्ही खा.

मग टाळूचं ऑपरेशन ठरलं. ते झालं की काम संपलं, पोरगा घरी जाणार. म्हणून बाईंनी त्याच्या आईला बोलावून घेतलं. जखम भरेपर्यंत तिनं इथंच राहायचं, सगळं शिकायचं आणि त्याला घेऊन जायचं.

ती आली. माझ्या सुनेहूनही लहान. ठेवणीतला झगा, डोक्याला रुमाल, आणि हातात तिनं स्वतः विणलेली लोकरीची टोपी. धावत येऊन तिनं हात पुढं केले, आणि पोरानं असा टाहो फोडला की बोलता सोय नाही. माझ्या मानेत तोंड खुपसलं, नखं रुतवली. ती हसली. परत हात पुढं केले, परत तेच. तिनं टोपी घालून पाहिली, तर ती डोक्यावर बसेना. ज्या डोक्याच्या मापानं विणली होती ते डोकं केव्हाच मोठं झालं होतं. मग ती बाकावर जाऊन बसली. जेवायला बोलावलं तर पोट भरलंय म्हणाली.

ऑपरेशन चांगलं झालं. पण पोरगा तिच्याकडं जाईना. तिनं उचललं की माझ्याकडं पाहून हात पसरायचा, आणि मी शेळपट बाई, घ्यायचीही त्याला. अशात एक दिवस बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाल्या, "ती घरी जायचं म्हणते. एकटी. म्हणते, घरी माझी दोन आहेत, याला इथंच राहू द्या. याची आई आता ती इंडियावाली आहे."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तो माझा! क्षणभर मी त्याला अकोल्यात पाहिलासुद्धा, आमच्या ओट्यावर, दाण्याची चटणी खाताना. बाई माझ्याकडं पाहत होत्या. हसल्या नाहीत. "तुझ्या मुलाचं इथलं काम संपत आलंय ना? तू गेलीस की तो कोणाचा?"

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. ती निघून गेली असती तर त्याला आईही राहिली नसती आणि मीही नाही. मला माझी माय आठवली. हिवरखेडला आमच्या या धाकट्या बहिणीचं अंगावरचं दूध तोडताना मायनं निंबाचा पाला वाटून छातीला लावला होता. बहीण एकदा तोंड लावायची आणि थू थू करत रडायची. माय दाराआड जाऊन पदर तोंडात धरायची. मी विचारलं होतं, तुले रडू येते तं लावतं कायले? म्हणाली, "लेकराले तोडाचं असन तं आपणच कडू व्हा लागते, पोरी."

इथं आई कडू होऊन चालणार नव्हतं. कडू मला व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, जखम भरेपर्यंत तिला कसंही करून थांबवून घ्या. गोड ते सगळं तिच्याकडं, कडू ते माझ्याकडं, आणि तिला यातलं काही सांगू नका. कळलं तर ती माझी कीव करत बसेल. टाळूच्या ऑपरेशननंतर लेकराचा हात तोंडात जाऊ नये म्हणून कोपरांना कडक पट्ट्या बांधतात. कोपर वाकतच नाही, पोरं वैतागून जातात. त्या पट्ट्या बांधायच्या मी, आणि सोडायच्या आईनं. औषध मी द्यायचं, आंघोळ-मालिश आईनं करायची. तिथं उजी म्हणून पातळ पेज करतात, आपल्या ज्वारीच्या आंबिलीसारखी. तो जीव टाकायचा तिच्यावर. ती गार करून पाजायची, तीही आईनंच.

पहिले दिवस फार वाईट गेले. मी पट्ट्या घेऊन आले तरी तो खुशीनं हात पुढं करायचा, वेडं लेकरू, वाटायचं त्याला की मी उचलून घेणार. मी बांधायची आणि पाठ फिरवून चालू लागायची. मागून 'आनी, आनी' चालायचं. स्वयंपाकाची बाई मला म्हणाली, तुझं काळीज दगडाचं आहे काय? मी तिच्यावर अशी खेकसले, की हो बाई, दगडाचंच आहे, तू तुझी भाजी पाहा! मग मागच्या मोरीवर जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. रडता रडता मलाच माझा राग येत होता. साठी उलटलेली बाई, दुसऱ्याच्या लेकरासाठी नळ सोडून रडते!

औषधाला तिथं 'दावा' म्हणतात, आपली दवाच. हळूहळू मला पाहिलं की तो तोंड घट्ट मिटायला लागला. मग 'आनी' बंद झालं आणि मी 'दावा' झाले. मला पाहिजे तेच होत होतं. म्हणून काही कमी दुखलं नाही.

आणि मग एक दिवस, मी औषधाची वाटी घेऊन गेले, तो आईच्या मांडीवर होता. त्यानं मान फिरवली, मी हनुवटी धरली, तो किंचाळला. त्याची आई, ती आल्या दिवसापासून कोणापुढं आवाज न चढवणारी पोरगी, ताडकन उठली. "पोले पोले!" म्हणजे हळू, हळू. डोळे लाल झाले होते तिचे. "निपे," म्हणाली, आण इकडं, आणि माझ्या हातातली वाटी हिसकावून घेतली. भिंतीकडं तोंड करून बसली, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली, आणि त्यानं सगळं औषध तिच्या हातून घेतलं. एक थेंब सांडला नाही. मी तिथंच उभी. मला इतका आनंद झाला, आणि हात असे रिकामे वाटले, की ते कुठं ठेवावे कळेना. त्या दिवसापासून मला त्या खोलीत काही कामच उरलं नाही.

ती निघाली त्या दिवशी तिनं त्याला पाठीशी झोळीनं बांधलं होतं, गाल तिच्या पाठीवर टेकलेला. ती माझ्याशी सरळ बोलली नाही. राग होता तिचा माझ्यावर, आणि तो तसाच राहू द्यावा असं मीच बाईंना सांगितलं होतं. मी फक्त त्याच्या पायाला हात लावला. त्यानं मला पाहिलं, पाय आखडून घेतला आणि तोंड तिच्या पाठीत लपवलं. गाडी गेली.

त्यानंतर मुलाचं तिथलं काम संपलं आणि मीही परत आले. मध्ये अमरावतीला बहिणीकडं गेले, तिनं तिचा नवा नातू माझ्या मांडीवर दिला. दूध पाजायचं म्हणून मी त्याला सरळ बसवला आणि मान धरली. बहीण म्हणाली, "असं काहून धरलं वं? आडवा घे न, चांगला धडधाकट हाय तो." मी आडवा घेतला. पण हाताला ते वजन अनोळखी वाटत होतं. बहिणीचा नातू गोड आहे, माझा लाडका आहे. तो नाही पण तो.

परवा बाईंचा व्हिडिओ कॉल आला. तपासणीला दोघं मायलेक आली होती. केवढा झाला म्हणून सांगू! पाय लांब झाले, ओठावर नुसती एक बारीक रेघ. बाईंनी त्याला फोनपुढं उभा केला, ही कोण ते सांग म्हणाल्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं, कोणत्याही परक्या म्हातारीकडं पाहावं तसं, जरा लाजून. भीती नव्हती, काहीच नव्हतं. मी म्हटलं, बाई, त्याला काहीतरी बोलायला लावा, मला त्याची टाळू ऐकायची आहे. तो काही केल्या बोलेना. मग त्याला कंटाळा आला, त्यानं आईचा झगा ओढला आणि तिला म्हणाला, "मामा, त्वेंदे न्युंबानी." बाईंनी मला अर्थ सांगितला, आई, चल, घरी जाऊ.

त ऐकला मी. द ऐकला. ब ऐकला. सगळे स्वच्छ, नाकातून हवा कुठं म्हणून गेली नाही. त्याची आई हसत खाली वाकली, त्याला कडेवर घेतलं, आणि दोघं फोनच्या बाहेर गेली. मी अकोल्यात माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या पलंगावर बसले होते, आणि रिकाम्या फोनकडं पाहून म्हणत होते, "मले बी ने न रे, बापू. मले बी ने."